ॲसिटोनची हकीकत

पिलाजीराव जाधवांची समाधी आणि वाघेश्वराचे देऊळ ज्या गावात आहे, त्या वाघोलीत इतिहासावर बोलावयास उभा राहिलेला माणूस घोडदळ, सनदा आणि वतने यांविषयी बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असल्यास तीत वावगे काही नाही. पण आज मी एका द्रवाचा इतिहास सांगणार आहे. हा द्रव दिसावयास पाण्यासारखा स्वच्छ आहे. बोटावर घेतला तर गार लागतो आणि पाहता पाहता उडून जातो. वास गोडसर पण नाकाला झोंबणारा. त्याचे नाव ॲसिटोन. आपल्या गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत तो आहे, फायबरच्या वस्तू घडविणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ब्रश धुण्यासाठी तो आहे, आणि नखांचा रंग पुसण्याच्या चिमुकल्या बाटलीच्या रूपाने तो पुष्कळांच्या घरांतही पोहोचला आहे. इतक्या ओळखीच्या वस्तूचा इतिहास कोणी विचारीत नाही. मीही विचारला नसता. पण एका प्रसंगाने मला तो विचारणे भाग पाडले.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी नव्याने शिकवू लागलो होतो. एक विद्यार्थी मोरीपाशी काचेचे चंबू ॲसिटोनने विसळीत होता. पाण्याने धुतलेले चंबू लवकर वाळावेत म्हणून तसे करण्याचा प्रघात आहे. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चांगले आठ-नऊ फुटांवर, दुसऱ्या कोणाचा बर्नर जळत होता. एकाएकी टेबलाच्या पृष्ठभागावरून एक निळसर लाट सरकत आलेली मी पाहिली. ती मोरीपर्यंत पोहोचली आणि विद्यार्थ्याच्या हातातील चंबूने तोंडाशी पेट घेतला. आमच्या शिपायाने प्रसंगावधान राखून ओले गोणपाट टाकले. मुलाच्या भुवया आणि शर्टाची बाही यांवर निभावले. नंतर चौकशी झाली, आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : बाटलीजवळ जाळ कोणी नेला? कोणीच नेला नव्हता. बर्नरपाशी ॲसिटोनच चालत गेला होता आणि तेथून विस्तव घेऊन परत आला होता.

हे कसे घडते ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. द्रव कधी पेटत नाही. पेटते ते त्याचे बाष्प, आणि तेही हवेशी ठराविक प्रमाणात मिसळल्यावर. ॲसिटोनच्या बाबतीत हवेत शंभर भागांत सुमारे अडीच भाग बाष्प झाले की मिश्रण पेटण्याजोगे होते. ते सुमारे तेरा भागांच्या वर गेले की हवा अपुरी पडते आणि मिश्रण पेटत नाही. हे बाष्प हवेच्या दुप्पट जड असते. म्हणून ते वर न जाता खाली बसते आणि पाण्यासारखे उताराने, टेबलावरून, फरशीवरून, मोरीच्या तोंडातून वाहते. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळतो हे क्रमिक पुस्तकांत असते. तो उकळण्याची वाट न पाहता साध्या उन्हाळ्यात भराभर उडतो, हे मात्र मुले परीक्षेपुरतेही लक्षात ठेवीत नाहीत. एक लिटर ॲसिटोन सांडून पुरता उडाला तर त्याचे सुमारे ३४० लिटर बाष्प होते. अडीच टक्क्यांचा हिशेब लावला तर त्याने साडेतेरा घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि सात फुटांहून थोडी उंच अशी एक कोठी एवढ्यात भरते. एवढ्या कोठीला एक बाटली पुरे.

आता ज्या प्रश्नाने मला इतिहासाकडे नेले तो असा : अमुक द्रव धोक्याचा आणि तमुक नाही, हे माणसाने ठरविले कधी आणि कशाने? उत्तर शोधता शोधता मी रॉकेलापाशी पोहोचलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचे दिवे घरोघर आले. रॉक ऑईलचे आपल्याकडे रॉकेल झाले म्हणतात. तेल गाळणारे नफ्यासाठी त्यात हलके, चटकन पेटणारे अंश राहू देत, आणि दिवे भडकून माणसे भाजत. इंग्लंडात तेलाची परीक्षा आरंभी उघड्या भांड्यात होई. तेल तापवीत जावयाचे, वरून ज्योत फिरवावयाची, आणि ज्या उष्णमानाला क्षणभर भडका उडेल ते लिहून ठेवावयाचे. पण उघड्या भांड्यावरून वाऱ्याची झुळूक गेली की बाष्प उडून जाई, आणि वाईट तेल चांगले ठरे. व्यापाऱ्यांना ही परीक्षा फार आवडत असावी.

सर फ्रेडरिक ॲबेल या रसायनशास्त्रज्ञाने झाकणाचा पेला पुढे आणला. पाण्याच्या वेष्टणात बसविलेला लहानसा पेला, त्याला घट्ट झाकण, झाकणात सरकती खिडकी. खिडकी सरकली की इवलीशी ज्योत आत डोकावते. ज्या अंशाला आत निळसर चमक होते तो त्या तेलाचा प्रज्वलनांक. कारखान्यातील आपले लोक यालाच फ्लॅश पॉइंट म्हणतात. १८७९ साली इंग्लंडच्या कायद्याने हा पेला मान्य केला आणि ७३ अंश फॅरनहाइट ही मर्यादा घातली. हिंदुस्थानातही १८८६ आणि १८९९ साली पेट्रोलियमचे कायदे झाले. १९३४ च्या कायद्याने ७६ अंश फॅरनहाइटच्या खाली प्रज्वलनांक असलेल्या पेट्रोलियमला ‘धोकादायक’ अशी स्पष्ट संज्ञा दिली. पुढे दुरुस्ती होऊन २३ अंश सेल्सियसच्या खालचे ते ‘अ’ वर्गातले ठरले. या पेल्याच्या मापाने रॉकेल ३५ अंशांच्या वर भरते आणि मद्यार्क १३ च्या आसपास. ॲसिटोन शून्याच्याही खाली सुमारे २० अंशांवर चमकतो. म्हणजे महाबळेश्वरी दंव गोठावे अशा थंडीतही त्याच्या बाटलीच्या तोंडाशी पेटण्याजोगे बाष्प तयार असते. मग पुण्याच्या वैशाखाची कथा काय सांगावी!

येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. ज्या ॲबेलने घरोघरच्या दिव्यांसाठी हे माप दिले, त्यानेच १८८९ साली जेम्स ड्यूअर यांच्याबरोबर कॉर्डाइट ही धूरविरहित बंदुकीची दारू तयार केली. आरंभीच्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ भाग, गनकॉटन ३७ भाग आणि व्हॅसलीन ५ भाग असत. गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाचा संस्कार केलेला कापूस. तो आणि नायट्रोग्लिसरीन एकजीव व्हावेत म्हणून काहीतरी विद्रावक हवा होता, आणि तो विद्रावक म्हणजे ॲसिटोन. त्यात मळून पिठासारखा गोळा करावयाचा, शेवयांसारखा दोरा काढावयाचा आणि सुकवावयाचा. दोर म्हणजे इंग्रजीत कॉर्ड, म्हणून कॉर्डाइट. पेल्याच्या परीक्षेत अत्यंत धोक्याचा ठरेल असा द्रव पेल्याच्याच कर्त्याने लढाऊ साम्राज्याच्या दारूखान्यात मणामणाने नेऊन ठेवला. ॲबेलला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याला धोका पुरता ठाऊक होता एवढेच त्यावरून दिसते. आणि धोका ठाऊक असणे निराळे आणि तो टाळणे निराळे.

हिंदुस्थानात निलगिरीच्या डोंगरात अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचा कारखाना निघाला. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९ सालचा. तेथे बंदुकीची काडतुसे भरली जात. म्हणजे पुण्याच्या माणसाला या द्रवाचे नाव ठाऊक नव्हते तेव्हाही त्याच्या साह्याने बनलेली दारू त्याच्या वेशीवर येऊन पोहोचली होती.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि ॲसिटोन दुर्मिळ झाला. तोवर तो लाकडापासून निघे. लाकूड बंद भट्टीत भाजावयाचे, निघालेले आम्ल चुन्यात धरावयाचे आणि तो चुना पुन्हा तापवावयाचा. एक टन ॲसिटोनसाठी ऐंशी ते शंभर टन लाकूड लागे. युरोपातील एक मोठा पुरवठादार देश ऑस्ट्रिया. तो तर शत्रुपक्षात गेला. मँचेस्टर विद्यापीठातील हाइम वाइझमान यांनी एक जंतू शोधला होता. शिजविलेल्या धान्याच्या स्टार्चवर तो वाढविला की किण्वन होऊन ब्युटॅनॉल, ॲसिटोन आणि मद्यार्क सुमारे ६ : ३ : १ या प्रमाणात मिळत. १९१५ पासून ही रीत इंग्लंडच्या युद्धखात्यांनी उचलली आणि जिनच्या भट्ट्यांत ॲसिटोन तयार होऊ लागला. जर्मन पाणबुड्यांनी मक्याची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला तेव्हा १९१७ साली शाळेतील मुलांकडून रानटी चेस्टनट गोळा करविले गेले. कशासाठी, ते मुलांना सांगितले नव्हते. हेच वाइझमान पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

त्या मानाने आपल्या नाशिकची हकीकत कोणास ठाऊक नसते. युद्धाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारने नाशिक येथे याच किण्वनाच्या रीतीने ॲसिटोन काढण्याचा कारखाना उभारला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्राध्यापक गिल्बर्ट फौलर यांचा या कामाशी निकटचा संबंध होता. हे गृहस्थ मँचेस्टरहून १९१६ साली आलेले. शहरांचे सांडपाणी जंतूंकडून शुद्ध करवून घेण्याच्या शास्त्रात त्यांचे नाव मोठे आहे. त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहाच्या फुलांवरही संशोधन केले. आपल्या आदिवासी भागात भट्टी लावण्यापलीकडे ज्या फुलाचा कोणी विचार करीत नसे, त्या फुलावर बंगळूरच्या प्रयोगशाळेत ॲसिटोनसाठी खल चालला होता! धान्य आपले, जंतू मँचेस्टरचा, माल निलगिरीसाठी, आणि लढाई फ्रान्स नि मेसोपोटेमियात. साम्राज्याचा कारभार कसा चाले हे पाहण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

या कारखान्याच्या प्रकारात धोका दुहेरी होता. किण्वनाच्या टाकीतून कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर हायड्रोजन वायू निघतो. तो हवेहून हलका, म्हणून छपराशी जमतो. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यापाशी ॲसिटोनचे बाष्प असते. ते जड, म्हणून जमिनीशी बसते. म्हणजे वर पाहावे तर एक वैरी आणि खाली पाहावे तर दुसरा. युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात संपले आणि नाशिकच्या कारखान्याचे मूळ प्रयोजनच गेले. पुढे ती वास्तू सरकारी दारूभट्टीच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या, कामी आली. इंग्लंडात दारूच्या भट्ट्या ॲसिटोनसाठी वळविल्या गेल्या. येथे ॲसिटोनचा कारखाना दारूकडे वळला. यात विनोद आहे खरा, पण हसू थोडे कडवट येते.

त्या टंचाईच्या काळातील एक गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते. कॉर्डाइटचे दोरे सुकविताना ॲसिटोन उडून जाई. तो वाया जाऊ नये म्हणून सुकवण्याच्या खोल्यांतील हवा ओढून सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणातून नेण्याची युक्ती इंग्लंडात रॉबर्ट रॉबर्टसन यांनी काढली. द्रावण बाष्प धरून ठेवी आणि पुढे ते तापविले की ॲसिटोन पुन्हा हाती येई. हेतू काटकसरीचा होता; पण त्यामुळे खोलीत बाष्प साठेनासे झाले आणि कामगारांचा जीव अधिक सुरक्षित झाला. सुरक्षिततेच्या पुष्कळशा रीती दयेपोटी नव्हे, तर महागाईपोटी जन्मल्या आहेत, असे माझे मत आहे. ते कोणाला कठोर वाटेल. पण यापुढची हकीकत ऐकून मग ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली संसदेने ज्वालाग्राही पदार्थांसंबंधी एक छोटेखानी कायदा केला. इतका छोटा, की एका पानात मावावा. त्यात काही पदार्थ नावानिशी ‘धोकादायक ज्वालाग्राही’ म्हणून जाहीर केले आणि पेट्रोलियमच्या कायद्यातील तरतुदी त्यांना लागू करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या यादीत ॲसिटोन आहे. मिथिल व इथिल मद्यार्क आहेत. आणि नायट्रोसेल्युलोजवर छापलेल्या सिनेमाच्या फिती आहेत. पहिल्या वाचनात मला ही यादी भेळेसारखी वाटली. मग ध्यानात आले की नायट्रोसेल्युलोज म्हणजे गनकॉटनचाच सौम्य भाऊ. दारूखान्यात ॲसिटोनने ज्याचा दोरा वळला, त्याच जातीच्या पदार्थाची फीत करून आपण त्यावर संतांची चरित्रे चित्रित केली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा भस्म झाला. प्रभातच्या स्टुडिओच्या जुन्या आवारात हे व्हावे, हे पुणेकराच्या जिव्हारी लागले. कायद्याने धोका नावानिशी सांगितल्यावर पन्नास वर्षांनी ही आग लागली.

दरम्यान ॲसिटोनचे मूळच बदलले. १९४४ साली जर्मनीत हॉक आणि लँग यांनी क्यूमीन या पदार्थापासून फिनॉल मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत दर टन फिनॉलमागे सुमारे सहाशे किलो ॲसिटोन आपोआप निघतो. महाराष्ट्रात १९७० च्या सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावर हर्डिलिया केमिकल्सने याच रीतीने उत्पादन चालू केले. शंभर टन लाकूड जाळून एक टन मिळणारा, युद्धखात्याने थेंब थेंब धरून ठेवलेला हा द्रव आता दुसऱ्याच पदार्थाचा जोडमाल झाला. तो स्वस्त झाला, डबे भरभरून येऊ लागला आणि चंबू विसळून मोरीत ओतला जाऊ लागला. आमच्या प्रयोगशाळेत ती निळी लाट आली तीही या स्वस्ताईच्याच वाटेने आली.

म्हणून आता व्यवहाराचे सांगतो, आणि तेही इतिहासात जे जे चुकले त्याच्या अनुरोधाने. ॲसिटोन मोरीत ओतू नये. तो पाण्यात पूर्ण मिसळतो म्हणून पाणी सोडले की धोका गेला, असे पुष्कळ जण समजतात. पण नऊ भाग पाण्यात एक भाग ॲसिटोन असला तरी ते मिश्रण आपल्या उन्हाळ्याच्या दुपारी पेटण्याजोगे बाष्प देते. वापरलेला ॲसिटोन झाकणाच्या वेगळ्या डब्यात जमा करावा. त्या डब्यात नायट्रिक आम्ल अथवा क्लोरोफॉर्म कदापि ओतू नये. आम्लाशी त्याची क्रिया स्फोटक होऊ शकते आणि अल्कलीच्या संगतीत क्लोरोफॉर्मशीही तसेच. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतताना दोन्ही धातूचे असतील तर ते तारेने जोडून जमिनीशी जोडावेत, कारण वाहणाऱ्या द्रवाने स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी पुरेशी असते. तापवावयाचा झाल्यास उघड्या ज्योतीवर कधीही नव्हे, गरम पाण्याच्या भांड्यात. घरगुती फ्रीजमध्ये ठेवू नये. आतला दिवा आणि उष्णमानाचा खटका यांची ठिणगी बंद पेटीतल्या बाष्पाला लागते, आणि फ्रीजची थंडी या द्रवाला पुरेशी थंडी नव्हेच, हे आपण पेल्याच्या मापावरून पाहिलेच आहे. आग लागलीच तर कोरडी पूड किंवा कार्बन डाय-ऑक्साइड वापरावा. साधा फेस ॲसिटोनमध्ये विरून जातो. मद्यार्काला टिकणारा फेस निराळा मिळतो. पाण्याचा जोराचा झोत मारला तर पेटता द्रव इतस्ततः पसरतो.

आणि रिकामा डबा. भरलेल्या डब्याच्या आत बाष्प इतके दाट असते की तेथे हवा पुरी पडत नाही, म्हणून आतला भाग सहसा पेटत नाही. रिकाम्या डब्यात तळाशी चमचाभर द्रव राहिला आणि हवा मिसळली की बरोबर पेटण्याचे प्रमाण जमते. आपल्याकडे रिकामे डबे फुकट जात नाहीत. ते भंगारात विकले जातात, त्यांचे झाकण कापून पाण्याच्या कोठ्या होतात, त्यांवर वेल्डिंग होते. शेडमध्ये शिकावयास आलेला सोळा-सतरा वर्षांचा पोर तो डबा कापावयास घेतो तेव्हा ॲबेलचा पेलाच हातात घेऊन बसलेला असतो, आणि खिडकीतली ज्योत त्याच्याच हातात असते.

वाघोलीकरांना आगीची भीती शिकविण्याची गरज नाही. २०२३ च्या मे महिन्यात उबाळेनगरातील मंडप-सजावटीच्या साहित्याच्या गोदामाला रात्री आग लागली, सिलिंडर फुटले आणि तीन कामगार गेले. त्या आगीचा ॲसिटोनशी संबंध नाही, आणि ओढूनताणून तो जोडण्याचे मला कारणही नाही. पण कापड, गॅस, रंग आणि विद्रावक एकाच पत्र्याखाली ठेवून त्याच पत्र्याखाली माणसे झोपतात, हे चित्र नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आजही दिसते. नदीपलीकडे लोणी काळभोरला इंधनाचे मोठे साठे आहेत. तेथल्या टँकरवर लाल अक्षरांत सूचना असते, नळ्यांना अर्थिंग असते, फाटकाशी काडेपेटी काढून घेतात. ज्वालाग्राही पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालयही आपल्याच राज्यात, नागपुरास आहे. त्यांची नजर टँकरवर असते. पाच लिटरच्या डब्याकडे पाहणारे तेथे कोणी नाही. ते पाहणे शेडच्या मालकाचे आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे काम आहे.

हे व्याख्यान लिहून काढताना मी आमच्या त्या जुन्या शिपायाची आठवण काढली. त्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गोणपाट ओले करून दाराशी टांगून ठेवण्याची त्याची सवय होती आणि आम्ही तिला हसत असू. कशासाठी ठेवतोस, असे मी त्याला त्या दिवसानंतर विचारले. तो म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या बाटल्यांचा वास दारापर्यंत येतो. वास येतो म्हणजे ती वस्तू येते.’’